जुलैतला कोरडा रस्ता

आश्विन लागला की महाडमध्ये दोन गोष्टी एकदम बाहेर पडतात, गोधड्या आणि पुढारी. दोन्ही चार महिने दमट जागेत घडी घालून ठेवलेल्या असतात, दोन्हींना एक ओळखीचा वास येत असतो आणि ऊन दिसताच दोन्ही अंग पसरतात. गोधड्यांचा वास दोन-तीन उन्हांत जातो.

परवा मुंबईहून भाचा आला. भात कापायला म्हणून आला आणि कापणी सोडून सगळं केलं. ओट्यावर बसून त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा जुन्या युद्धाची दृश्यं, मधूनमधून एका नेत्याचा फोटो आणि मागून घोगरा आवाज. इतिहासात दडवून ठेवलेलं सत्य की काय ते त्यात होतं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण दडवून ठेवण्याइतकं सत्य माझ्या हाती कधी लागलं नाही. जे लागलं ते पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं आणि तेही पोरं वाचत नव्हती.

"हे कुणी काढलंय?" मी विचारलं.

"मामा, नेटवर आहे."

"पण काढलंय कुणी?"

"मामा, तू ना..." असं म्हणून त्याने मोबाइल खिशात घातला आणि भावकीतल्या पोरांकडे गेला. तिथे तो व्हिडिओ एका मोबाइलमधून दुसऱ्यात जाताना मी पाहिला. दोघांनी मोबाइल जवळजवळ धरले होते, विडी पेटवून घेताना धरतात तसे.

तेव्हापासून चैन नाही. अंगणात भात पसरलेलं आहे, कोंबड्या हाकलायचं काम माझ्याकडे आहे आणि माझं लक्ष नाही.

दहा वर्षांपूर्वीचा आश्विन असाच होता. तेव्हा मोबाइल नव्हते, कॅसेट होत्या. त्या वर्षी उन्हाळ्यापासून जुलै संपेपर्यंत उत्तरेला बर्फाच्या शिखरांवर लढाई झाली होती आणि इथे पाऊस पडत होता. महाडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळत नाही. आषाढात आमच्याकडे आगपेटी भाकरीच्या टोपलीखाली ठेवतात, मीठ पाणी होतं, वह्यांची पानं एकमेकांना धरून बसतात. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरायच्या बेतात असतं आणि दुकानदार माल माळ्यावर चढवून जिन्यात बसलेले असतात. अशा त्या जुलैत आम्ही बर्फावरच्या बातम्या ऐकत होतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून कितीतरी घरांतले मुलगे फौजेत. तिथल्या बायका घाट उतरून तारेची नाही तर फोनची चौकशी करायला पोस्टात येत, ओल्या इरल्याखाली, आणि काही नाही म्हटलं की समाधानाने परत जात. काही नसणं हीच तेव्हा चांगली बातमी होती.

लढाई संपली, पाऊसही संपला आणि सत्कार सुरू झाले.

आमच्या भागातले एक पुढारी होते. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही तेवढंच म्हणतो. पुढच्या तिकिटावर त्यांचा डोळा होता. त्यांनी विजयरथ काढला. रथ म्हणजे जीप, मागे जनरेटर, वर दूरदर्शन संच आणि व्हीसीआर. संध्याकाळी वाडीवर जायचं, एखाद्या जवानाच्या आईवडिलांना शाल-श्रीफळ द्यायचं, मग कॅसेट लावायची. ती कॅसेट आमच्या नंदूने जुळवली होती. नंदू लग्नांचं शूटिंग करायचा आणि अर्ध्या गावाची केबल त्याच्याकडे होती. गावातलं प्रत्येक लग्न त्याच्या खणात झोपलेलं असायचं.

मी ती कॅसेट पहिल्यांदा केबलवर पाहिली. सुरुवातीला वाळवंटात धूळ उडवत जाणारे रणगाडे, काळेपांढरे. लढाई झाली बर्फावर, रणगाडे वाळवंटात आणि तेही आधीच्या कुठल्यातरी युद्धातले. मग साहेब एका कड्यावर उभे, गळ्यात मफलर, डोळ्यांना दुर्बीण. मागून आवाज : "सीमेवर जाऊन जवानांचं मनोबल वाढवणारे..." तो कडा मला ओळखीचा वाटला. महाबळेश्वरला आमच्या शाळेची सहल जायची, तेव्हा त्याच कठड्याशी पोरं त्याच दुर्बिणीसाठी भांडायची. ती दुर्बीण तिथे साखळीने बांधलेली असते. दृश्यात साहेबांच्या कोपराखाली साखळी लोंबत होती.

इथवर मी हसत होतो.

मग एक गल्ली आली. महाडचीच. फटाक्यांची लांबलचक माळ तडतडतेय, माणसं नाचतायत, कुणाच्या डोक्यावर पांढरी टोपी, कुणाच्या खांद्यावर पोर. खाली अक्षरं : 'महाड, जुलै'. आणि तो आवाज : "आपले जवान रक्त सांडत असताना इथे काही लोक कुणाच्या विजयाचे फटाके वाजवत होते, ते नीट पाहून ठेवा." जेमतेम पाच-दहा सेकंद. लगेच तिरंगा, लगेच साहेब.

ती गल्ली इक्बालभाईंची.

इक्बालभाईंचा टेम्पो होता. माझं सामान भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात त्यांनीच आणलं होतं आणि पुस्तकांचे खोके उचलताना "सर, यातलं वाचलंय किती?" असं विचारून मला कायमचं मित्र केलं होतं. घरात ते आपल्या कोकणी वळणाची मराठी बोलत, भाऊ आखातात होता. दर आश्विनात त्यांचा टेम्पो पोलादपूरच्या वर एका वाडीत जायचा आणि तिथलं भात महाडच्या गिरणीत आणायचा. बापाच्या वेळी बैलगाडी होती, तेव्हापासूनची ती रीत. निरोपसुद्धा पाठवावा लागत नसे. लवकर पिकणारं हळवं भात झोडून झालं की एसटीचा कंडक्टर टेम्पोपाशी खिडकीतून ओरडायचा, "इक्बालभाय, वाडीवर भात पडलंय!"

त्या वर्षी कंडक्टर ओरडला नाही. दसरा झाला तरी नाही. मग कळलं, वाडीने दुसरा टेम्पो सांगायचं ठरवलंय. विजयरथ आजूबाजूला फिरून गेला होता आणि वाडीतल्या लोकांनी कॅसेट एकदा नाही, तीन ठिकाणी जाऊन पाहिली होती.

मी इक्बालभाईंच्या अंगणात गेलो तेव्हा ते टेम्पो धूत होते. तो स्वच्छच होता.

"ते फटाके कसले होते?" मी विचारलं.

"सायराच्या लग्नाचे. वैशाखातले. दोन-तीन वर्षं झाली त्याला. तुम्ही जेवायला आला होतात ना? तुम्ही उशिरा आलात, वरात संपली होती."

"मग नंदूकडे अख्खी कॅसेट असणार! ती लावू केबलवर. एका दिवसात निकाल."

"नाय."

"का?"

त्यांनी पोतेरं पिळलं. "त्यात घरातल्या बायका हायत, सर. मेंदी हाय, सायरा रडतेय ते हाय. माझ्या पोरीचं रडणं मी चौकात लावू? कशासाठी, तर मी चोर नाय म्हणून दाखवायला?"

"पण धंदा जाईल."

"वाडीचं भात म्हणजे धंदा नाय," ते म्हणाले आणि पुन्हा टेम्पो पुसायला लागले.

नंदूकडे गेलो तर तो कॅसेटच्या ढिगामागे लपल्यासारखा बसला होता. "सर, त्यांनी मला म्हटलं, गर्दी नि फटाक्याचा शॉट दे. माझ्याकडे तोच स्वच्छ होता, उजेडातला. वर कसला आवाज टाकणार ते मला काय ठाऊक?"

"आता ठाऊक झालंय ना? मग सांग लोकांना."

"सर, केबलच्या तारा रस्त्याच्या खांबांवरून जातात," तो म्हणाला. आमच्याकडे भीती अशीच सांगतात.

रथाच्या कॅसेटची एक प्रत त्याच्याकडून मागून आणली आणि घरी तो तुकडा पुन्हा पाहिला. मग पुन्हा. बायको म्हणाली, "आता तुम्हीच नाचायला लागाल त्यात." आणि मग एकदम लक्षात आलं. रस्ता कोरडा होता. नुसता कोरडा नव्हे, नाचणाऱ्यांच्या पायांखालून धूळ उडत होती. सज्ज्यात कपडे वाळत होते, वाऱ्यावर फडफडत होते. जुलैत! महाडमध्ये! जुलैत आमच्या गल्लीत फटाक्याची वात पेटवून दाखवणाऱ्याचा खरं तर सत्कार करायला हवा. ज्या गावात चार महिने चड्ड्या चुलीवर वाळवतात, त्या गावाने तो तुकडा पाहिला, खालची अक्षरं वाचली आणि पाऊस विसरलं. पावसाबद्दल आम्हाला फसवणं शक्य नाही असं मला वाटायचं. माणूस पडद्यासमोर बसला की आपलं हवामानसुद्धा बाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

मला फार आनंद झाला. पुराव्याचा आनंद हा थोडा पोरकटच असतो. मी तो घेऊन केशकर्तनालयात गेलो, पोस्टात गेलो, शिक्षकांच्या खोलीत गेलो. सगळ्यांनी ऐकलं. सगळे हसले. "च्यायला, खरंच की सर! धूळ हाय!" आणि मग खुर्चीत बसलेला एकजण, गालाला साबण लावलेला, डोळे मिटून म्हणाला, "तेवढा भाग चुकला असेल. पण बाकी खरंच असणार. काहीतरी असल्याशिवाय कोण दाखवतं?"

मी म्हटलं, "दुर्बिणीला साखळी आहे."

"असंल की. फौजेत वस्तू बांधूनच ठेवतात," न्हावी म्हणाला.

त्या दिवसांत मला झोप लागेना. कापलेल्या भाताचा वास गावभर होता, पेंढ्याच्या कुसांनी हवा खाजरी झाली होती, वहाळांचं पाणी निवळून तळाचे गोटे दिसत होते. हा ऋतू खरं तर नितळ असतो, लांबचे डोंगर हाताला लागतील इतके जवळ येतात. आणि मला मात्र जवळचं काही दिसत नसल्यासारखं होत होतं.

अशात निरोप आला. साहेबांचा रथ त्याच वाडीवर जाणार होता, सुभेदारांच्या सत्काराला. 'सर इतिहासाचे आहेत, त्यांनी युद्धावर दोन शब्द बोलावेत.' सुभेदार फौजेतून निवृत्त झाले ते त्यापेक्षा बऱ्याच खालच्या हुद्द्यावरून, वाडीने त्यांना परस्पर बढती दिली होती. ते आधीच्या युद्धात होते. त्यात काय केलंत असं विचारलं तर म्हणत, "ओझी व्हायली. पाय गार पडलं." आणि त्यांचा मुलगा त्या उन्हाळ्यात बर्फावर होता. तो सुखरूप आला, पण मधले कितीतरी दिवस त्याची खबर नव्हती. वाडीत इक्बालचा टेम्पो नको हे पहिल्यांदा बोलले ते सुभेदारच. त्यांना दोष द्यायला माझं मन घेत नव्हतं. ज्याने पोराच्या खबरेची वाट पाहत तो जुलै काढला होता, त्याला कुणीतरी जुलैतले फटाके दाखवले होते.

मी जायचं ठरवलं. खिशात मुद्दे लिहिलेला कागद होता : धूळ, कपडे, साखळी, रणगाडे.

देवळासमोरचं अंगण सारवलेलं होतं. एका बाजूला भाताची उडवी, तिच्यावर पोरं चढून बसलेली. दिवेलागणीला रथ आला. जनरेटर सुरू झाला आणि त्याच्या आवाजात कुत्री भुंकायची थांबली. साहेबांनी सुभेदारांना शाल पांघरली, नारळ दिला, फोटो झाला, फोटोसाठी पुन्हा शाल पांघरली. मग कॅसेट. माझे दोन शब्द कॅसेटनंतर होते.

रणगाडे आले. टाळ्या. दुर्बीण आली. टाळ्या. सुभेदार ताठ बसले होते, मांडीवर नारळ. मग गल्ली आली, माळ तडतडली आणि अंगणात ती एक गरम शांतता पसरली, जी मी दोन आठवडे ऐकून होतो. पडद्यावर एक माणूस पाठमोरा, उदबत्तीने वात पेटवून, दोन्ही कानांवर हात ठेवून, एका पायावर जोर देत बेडकासारखा मागे उड्या मारत येत होता.

बायका ती कॅसेट पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांच्या घोळक्यातून सुभेदारांच्या बायकोचा आवाज आला. "अगो बाय, ह्ये तर आमचं ह्ये!"

"काय गो काकी?"

"आमचं ह्ये गो! ती बघ पाठ. तो सदरा मीच शिवून घेतलेला, तेच्या मानेला ठिगाळ हाय. आनि असं उडतंय दुसरं कोन? शिमग्याला फटाकी लावली की असंच उडतंय!"

एक पोरगी फिदकन हसली. मग दुसरी. उडवीवरून पोरं ओरडली, "आजोबा! आजोबा टीव्हीत!"

तोवर पडद्यावर तिरंगा आला होता. सुभेदार उठले. "मागं घ्या जरा."

रथावरच्या माणसाने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सुभेदार, कार्यक्रम पुढे न्यायचाय. सर बोलणार आहेत."

"सर बोलतील. मागं घे!" हा आवाज वेगळा होता. ओझी वाहिलेल्या माणसाचा असा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या माणसाने कॅसेट मागे घेतली. सगळी माणसं उलटी नाचली, फटाके विझत विझत माळ झाले आणि पुन्हा सगळं सुरू झालं. ती पाठ. ते ठिगळ. त्या उड्या.

सुभेदार पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. "इक्बालच्या पोरीचं लगीन," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "वैशाख व्हता. वात सादळलेली नव्हती, पन पोरांना लावायला येत नव्हती. उदबत्ती मीच घेतली हातात."

मागून कुणीतरी म्हणालं, "मी पन व्हतो तिथं. ती टोपी माजीच."

"आमाला शाकाहारी जेवान येगळं केलेलं."

"खीर व्हती."

साहेबांनी हाताने खूण केली. जनरेटर बंद पडला. काहीतरी तांत्रिक अडचण आल्याचं जाहीर झालं. अंधारात माणसं वैशाखातली खीर आठवत उभी राहिली. माझा कागद खिशातच होता. सुभेदारांनी शाल काढली नाही, गार पडायला लागलं होतं आणि शाल चांगली होती.

मी हे लिहितोय तोवर भाचा परत आला आणि त्याने आणखी एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी गावचा जमाव, कुठल्यातरी वर्षी, कुणालातरी काहीतरी म्हणतोय. मी माणसांच्या पाठी पाहत बसलो. यातली कुठली पाठ कुणाच्या घरची असेल? त्या माणसाची बायको हे पाहतेय का? तिच्याकडे तसला मोबाइल आहे का? आमचं खोटं उघडं पडलं ते कॅसेट फिरून फिरून त्याच वाडीत गेली, म्हणून. त्या वाडीत ठिगळ लावणारी बाई जिवंत होती, म्हणून. हे व्हिडिओ जिथे पोचतात तिथे त्यातल्या माणसांना ओळखणारं कुणी नसतं, हीच बहुधा त्यांची सोय. भाचा म्हणाला, "मामा, तुला कशावरच विश्वास ठेवता येत नाही." मला वाटतं उलट आहे. मला ठेवायचाय. त्या रात्री वाडीवरून उतरताना माझ्या मनात विजय वगैरे काही नव्हतं. मी धूळ पाहिली होती, सज्जा पाहिला होता, साखळी पाहिली होती. माणूस पाहिला नव्हता. आणि ज्याने पाहायला हवा होता, त्याला स्वतःची पाठ दिसायची सोय देवाने ठेवलेली नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार पहिल्या एसटीने उतरून माझ्या दारात आले. "सर, चला माज्यासंगं. एकट्यानं जायाला पाय उचलत नाय."

इक्बालभाई अंगणात होते. त्यांनी बाकडं पुसलं. आतून चहा आला. कालचं त्यांना आधीच कळलं असणार, कंडक्टर पहिल्या फेरीलाच सांगून गेला असेल. दोघंही मुलांबद्दल बोलले. सुभेदारांचा मुलगा कसा आहे, सायरा कुठे असते, तिच्या पोराला दात आले का.

मग सुभेदार म्हणाले, "भात झोडून पडलंय."

"परवा येतो."

"परवा ये."

गल्लीतून एक सायकल गेली.

"तुला ठावं व्हतं," सुभेदार म्हणाले. "त्या कॅशेटीत मी हाय त्ये."

"पयल्याच दिवशी दिसलात."

"मग बोलला का नाय रे? एक कंडक्टरसंगं निरोप धाडला असतास. मी काय तुझा दुश्मन हाय?"

इक्बालभाईंनी कपाचा कान बोटाने पुसला. "तुम्ही ओळखाल म्हणून थांबलो होतो."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आनि नसतं वळखलं तर?"

"तर नसतं ओळखलं."

सुभेदारांनी चहा बशीत ओतला. बशी ओठांपाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. चहावर साय धरली तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.